'टेरर' आणि 'हॉरर' : दोन भयवाचक शब्दांचे पूर्ववृत्त

पराकाष्ठेच्या भयासाठी इंग्रजीत रूढ असलेले 'टेरर' व 'हॉरर' हे शब्द फ्रेंचच्या द्वारे लॅटिनमधून आले. आज ते बहुधा पर्याय म्हणून वापरले जातात. परंतु मुळात पहिल्याने देहाचा कंप सांगितला आहे, तर दुसऱ्याने रोमांच.

लॅटिन 'तेर्रेरे' म्हणजे भिवविणे. त्यातील 'र्र' हा पूर्वीच्या 'र्स'पासून झालेला असून संस्कृत 'त्रस्' हा त्याचा सगोत्र धातू होय. 'होर्रेरे' या क्रियापदातही हेच वर्णपरिवर्तन घडले आहे. त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणे, आणि त्याचा संस्कृत सगोत्र म्हणजे 'हृष्'! अंगावर काटा दोन्ही भाषांनी पाहिला. लॅटिनने त्यावरून भय ओळखले, संस्कृतने प्राधान्येकरून आनंद. मराठीतील 'हरीख' आणि इंग्रजीतील 'हॉरर' ही अशी दूरची भावंडे ठरतात. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुनाचा रोमहर्ष मात्र विषादाचा आहे, हे विसरून चालणार नाही. धातूने देहचिन्ह तेवढे पुरविले. भाव प्रयोगाने ठरविला. व्युत्पत्ती सांगितली की अर्थ सांगून झाला, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे.

पुढे झीजही झाली. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (1667) भयंकर या अर्थी येणारे 'टेरिफिक' हे विशेषण आज निव्वळ प्रशंसेचे झाले आहे. आपल्याकडे भरताने व्यभिचारी भावांत गणलेला 'त्रास' मराठीत डासांचाही होतो.

'टेरर' हे नाम मात्र झिजले नाही. याचे श्रेय, प्रस्तुत लेखकाच्या मते, राज्यकारणास द्यावे लागेल. 1793-94 मधील फ्रान्सच्या क्रांतिकारी शासनाने दहशत हे राज्य चालविण्याचे उघड साधन केले. रोबेस्पिअरच्या पतनानंतर त्यावरून निघालेले 'टेररिझम' व 'टेररिस्ट' हे शब्द 1795 च्या सुमारास इंग्रजीत आले. प्रारंभी त्यांचा रोख सत्ताधाऱ्यांवर होता. शासनाविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांना ते लागू होऊ लागले, ते पुढे.

सर्वच भयवाचक शब्द देहचिन्हांतून निघाले, असा नियम मात्र यावरून करू नये. 'फीअर' या अस्सल इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ अवचित आलेले संकट असा होता, आणि त्याचा जर्मन आप्त 'गेफार' आजही धोका या अर्थीच वापरात आहे.