इशारा पोचवणारी माणसं

वादळाची बातमी आली की आपण परदेशातून लगेच मदतनिधी गोळा करतो. चांगलंच आहे. पण बांगलादेशचा इतिहास वाचताना मला जाणवलं, की खरी मदत वादळाआधी सुरू होते.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला बेटाच्या परिसरात चक्रीवादळ आलं. किमान ३ लाख माणसं गेली. उपग्रहाला वादळ दिसलं होतं, पण धोका किती मोठा आहे, हे झोपड्यांपर्यंत पोचलंच नाही. मदतीतल्या दिरंगाईचा राग डिसेंबरच्या निवडणुकीत उतरला. १९७१ मध्ये देशच वेगळा झाला.

नव्या देशाने १९७२ पासून रेड क्रॉसच्या साथीने गावोगावी स्वयंसेवक तयार केले. हातात भोंगा आणि झेंडा, ओळखीचा आवाज. गुरांसाठी मातीचे उंचवटे उभारले, कारण गुरं सोडून शेतकरी हलत नाही!

तरी १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,००० माणसं दगावली. निवारे अपुरे होते. ते पुढे वाढवले. २००७ च्या ‘सिद्र’मध्ये मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला.

आम्ही आयटीवाले माहितीच्या वेगाचं कौतुक करतो. पण दार ठोठावून “चला, उठा” म्हणणारा शेजारी नसेल, तर ती माहिती काय कामाची? पुढच्या वेळी चेक लिहिताना त्या शेजाऱ्याचीही आठवण ठेवूया.