मेंदूतली तार आणि रुग्णाची संमती

उज्जैनला माधवनगरातल्या आमच्या घरी थोरल्या काकू दिवसदिवस खिडकीशी बसून असत. बोलणे नाही, जेवणाची शुद्ध नाही. घरातले ‘बाधा’ म्हणत. अखेर एका रुग्णालयात त्यांना विजेचे झटके देण्यात आले. ‘तुम्हांला चालेल ना?’ असे डॉक्टरांनी त्यांना विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर, आम्हीही विचारले नाही.

हा उपचार १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती व बिनी यांनी सुरू केला. त्यापूर्वी, १९३५ मध्ये, लिस्बनला एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढील भागातले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया करविली होती. तिच्यासाठी १९४९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. (विजेत्यांची नावे मुलांकडून घोकून घेणारे आम्ही शिक्षक हे नाव जरा घाईनेच उरकतो.) अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी तर डोळ्याच्या खोबणीतून हत्यार घालून हजारो मेंदू असे छेदले. रुग्ण शांत होई. त्या शांततेत माणूस किती उरला, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला. तुटलेला तंतू पुन्हा जोडता येत नव्हता.

तार मात्र काढता येते. १९८७ मध्ये ग्रेनोब्लच्या बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर जलद विद्युत्स्पंदने देऊन हातापायांचा कंप थांबविला. बॅटरी छातीच्या कातडीखाली, तार डोक्यात. प्रवाह हवा तेव्हा बंद करता येतो. २००५ मध्ये टोरांटोच्या हेलन मेबर्ग व आंद्रेस लोझानो यांनी कशालाच दाद न देणाऱ्या नैराश्याच्या सहा रुग्णांवर तोच प्रयोग केल्याचे प्रसिद्ध केले. चौघांना उतार पडला. मोठा गाजावाजा झाला. पण पुढे ९० रुग्णांच्या चाचणीत, सहा महिन्यांनी, प्रवाह चालू असलेल्या ६० पैकी १२ सुधारले, आणि तार बसवूनही प्रवाह बंद ठेवलेल्या ३० पैकी ५. म्हणजे फरक नाममात्र. ज्यांनी दीर्घकाळ तार ठेवली त्यांच्यातले बरेच जण पुढे सावरले, हेही खरे. म्हणून याला अजून प्रयोगच म्हणावे.

आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी २०२३ मध्ये नैराश्यासाठी ही शस्त्रक्रिया केली. रुग्ण परदेशी होती, तरी तिलाही आपल्याच कायद्याची वाट चालावी लागली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९६ व्या कलमाप्रमाणे अशा शस्त्रक्रियेला रुग्णाची स्वतःची संमती हवी आणि मंडळाची मंजुरीही. नुसत्या नातेवाइकांच्या सहीवर भागत नाही. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. मला वाटत नाही.

त्याच्या आधीचे ९५ वे कलम भूल दिल्याविना झटके देण्यास मनाई करते. काकूंना ते जागेपणीच दिले होते.