भेकराच्या अंगातून गेलेली गोळी

खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. 1960 च्या सुमाराची गोष्ट. थंडीच्या दिवसांत मुंबईचे एक पाहुणे आमच्याकडे शिकारीला आले. तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. गावात दोन-तीन ठासणीच्या बंदुका होत्या, पण या पाहुण्यांच्या कमरेला रिव्हॉल्वर होतं. नवीन आणलेली काडतुसं ‘कशी चालतात’ ते त्यांना बघायचं होतं. आदल्या संध्याकाळी परसातल्या केळीच्या खुंटावर दोन बार टाकून झाले. पुढून भोक करंगळीएवढं, मागूनही करंगळीएवढंच. काका म्हणाले, “साहेब, ह्यानं जनावर पडायचं नाही.” पाहुणे हसले.

सकाळी हाकारा झाला आणि वीस पावलांवर भेकर निघालं. तीन गोळ्या सुटल्या, एक लागली. भेकरानं उडी घेतली आणि ते करवंदीच्या जाळीत शिरलं. दगडांवर रक्ताचे थेंब, तेही लांब लांब. दुपार झाली तसे पाहुणे गाडी गाठायला निघून गेले. वाडीवरचे एक वयस्क कातकरी मात्र माग काढत राहिले. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या कडेला त्यांना ते सापडलं. जिवंत होतं. त्यांनीच कोयत्यानं ते संपवलं. खांद्यावरून उतरवताना म्हणाले, “लई हिंडलं बिचारं.” गोळी पोटातून आरपार गेली होती. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा कळलं, की ‘गोळी आरपार जाते, पण समोरचा थांबत नाही’ ही तक्रार जुनी आहे, आणि ती माणसांबद्दल केली गेली होती. 1895 च्या चित्रळच्या मोहिमेनंतर इंग्रज फौजेचं म्हणणं पडलं, की नवी .303 ची गोळी शत्रूच्या अंगातून स्वच्छ निघून जाते आणि तो चालून येतच राहतो. कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी त्यावर उपाय काढला. गोळीच्या टोकावरचं धातूचं वेष्टण काढून आतलं मऊ शिसं उघडं ठेवायचं. अंगात शिरताच ते अळंबीसारखं पसरतं आणि जखम मोठी होते. 1897-98 च्या तिराह मोहिमेत ही गोळी वापरली गेली.

युक्ती मात्र सैन्याची नव्हे, शिकाऱ्यांची. पोकळ टोकाच्या गोळ्या त्यापूर्वी कितीतरी वर्षं जनावरांवर झाडल्या जात होत्या. जर्मनीत ट्युबिंगेनचे प्राध्यापक फॉन ब्रुन्स यांनी प्रयोग करून या जखमा किती भयंकर असतात ते दाखवलं; त्यांनी वापरलेल्या गोळ्याही शिकारीच्याच होत्या, डमडमच्या नव्हेत. तरी युरोपभर ओरड झाली. 29 जुलै 1899 रोजी हेगच्या परिषदेत अशा गोळ्या युद्धात न वापरण्याची घोषणा झाली. तिथे इंग्रजांच्या बाजूने सर जॉन अर्डाघ यांनी असा युक्तिवाद केला, की सुधारलेला सैनिक जखम झाली की मागे जातो, रानटी माणूस जात नाही. हा ‘रानटी माणूस’ म्हणजे आपल्याच वायव्य सरहद्दीवरचा पठाण! इंग्लंडनं ही घोषणा मान्य केली ती 1907 मध्ये.

रिव्हॉल्वरची अडचण याहून मोठी. इंग्रज अधिकाऱ्यांच्या .455 वेब्लीची गोळी सुमारे 17 ग्रॅमची, चांगली जड. पण वेग सेकंदाला जेमतेम 180 ते 200 मीटर. त्या काळच्या रायफलची गोळी सुमारे 600 मीटर वेगानं जाई. ही उणीव भरून काढायला 1898 मध्ये रिव्हॉल्वरसाठीही पोकळ टोकाची गोळी निघाली आणि हेगनंतर मागे घेतली गेली. अमेरिकेत 1904 मध्ये थॉम्पसन आणि लागार्द या अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर वेगवेगळ्या पिस्तुलांच्या गोळ्या झाडून पाहिल्या. काही गुरं दहा गोळ्या खाऊनही उभी राहिली. ती हातोड्यानं मारावी लागली. त्या अहवालात .45 च्या मापाची शिफारस झाली आणि पुढची अनेक वर्षं अमेरिकन सैन्यानं ती पाळली. 1935 मध्ये .357 मॅग्नम बाजारात आलं, तेव्हा कंपनीच्या डग्लस वेसन यांनी स्वतः त्यानं मोठी हरणवर्गी जनावरं मारून जाहिरात केली. पिस्तुलानं हरीण मारण्याचा छंद अमेरिकेत वाढला, त्याला या जाहिरातीचाही हातभार लागला.

आता परीक्षेसाठी जनावर लागत नाही. 10 टक्के जिलेटिनची लादी 4 अंश सेल्सियसला थंड करून तिच्यावर गोळी झाडतात आणि ती किती खोल गेली, किती पसरली ते मोजतात. आमचा केळीचा खुंट तसा फार चुकीचा नव्हता म्हणायचा.

गंमत अशी, की इंग्लंडच्या 1991 च्या हरणांविषयीच्या कायद्यानुसार हरणावर रायफल चालवायची तर गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच हवी. जी सैनिकावर झाडायची नाही, तीच हरणावर झाडली पाहिजे. कारण हरीण जागच्या जागी पडावं, हिंडू नये. दोन्ही नियम दयेपोटीच झाले, हे मला पटतं. तरी ते एकत्र वाचताना चमत्कारिक वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्नच उरला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं घातली आणि 1991 च्या दुरुस्तीनं उरलेले परवानेही गेले. कर्जतच्या माथ्यावरचं भीमाशंकरचं रान 1985 मध्ये अभयारण्य झालं.

त्या पाहुण्यांचं महिन्याभरानं काकांना पोस्टकार्ड आलं होतं. भेकर सापडलं का, आणि गोळी आत राहिली होती की पार गेली, तेवढं कळवावं, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी ते कार्ड पंचांगात ठेवून दिलं. उत्तर पाठवलं नाही.