नळदुर्गचा पाणीमहाल आणि यात्रेतले पाळणे

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर घातलेल्या दगडी धरणाच्या पोटात एक महाल आहे. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले की या महालाच्या खिडकीसमोरून धबधबा कोसळतो आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहून तो आतल्या बाजूने पाहतो. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकिर्दीत १६१३ मध्ये हे धरण आणि हा महाल बांधून झाला. बांधणारा स्थपती मीर इमादीन. नळदुर्ग आज धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. किल्ल्यातील बहुतेक बांधकाम लढाईसाठी किंवा राबत्यासाठी झाले. पाणीमहालाला मात्र तसा काही उपयोग नाही. तो पाहण्यासाठी आहे आणि पाहणाऱ्याला काय वाटावे याचा विचार करून तो बांधला आहे. विस्मय घडवण्याच्या ज्या कलेला आज करमणूक उद्यानांच्या धंद्यात मोठी मागणी आहे, तिचा या भागातील हा जुना आणि अव्वल नमुना म्हणता येईल.

किल्ल्याची जागाच नाट्यपूर्ण आहे. काळ्या कातळाचे पठार बोरीच्या खोऱ्यात पुढे घुसलेले आहे आणि त्याच्या बहुतेक बाजूंना सरळ तुटलेले कडे आहेत. बहमनी काळात किल्ला महत्त्वाला चढला. पुढे तो आदिलशाहीकडे आला आणि पहिल्या अली आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या मध्याला त्याचे तट दगडात बांधून घेतले. तटाला ११४ बुरूज सांगतात. त्यांतला उपळ्या बुरूज सर्वांत उंच आहे. त्यावर चढले की भोवतालचा मुलूख लांबवर दिसतो. नदीच्या पलीकडे रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला आहे. मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारी भिंत म्हणजेच धरण. तिची लांबी सुमारे १७४ मीटर आणि उंची वीसेक मीटर आहे. त्या एका भिंतीने दोन किल्ले जोडले, पाणी साठवले आणि नदीच्या बाजूने येणाऱ्या शत्रूपुढे खोल जलाशय उभा केला.

धरण म्हटले की जादा पाण्याची वाट काढावीच लागते. नळदुर्गला भिंतीच्या माथ्यावर दोन सांडवे ठेवले आहेत आणि त्यांतून पडणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. पूर मोठा असला तर पाणी भिंतीच्या माथ्यावरूनही जाते, मग दोन धारांचा हिशेब राहत नाही. एरवी सांडव्याच्या ओठावरून वेगाने सुटलेले पाणी भिंतीला चिकटून उतरत नाही, थोडे पुढे झेपावून खाली पडते. भिंत आणि पडते पाणी यांच्यामध्ये त्यामुळे मोकळी जागा राहते. मीर इमादीनने नेमकी हीच जागा हेरली. धरणाच्या जाडीतून त्याने जिना खाली उतरवला, माथ्यापासून बऱ्याच खाली कमानींची नक्षीदार खोली कोरून बांधल्यासारखी बसवली आणि तिची खिडकी पाण्याच्या बाजूला उघडली.

वाटेची आखणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. येणारा माणूस आधी धरणाच्या माथ्यावरून चालतो. एका हाताला साठलेले, जवळजवळ स्तब्ध पाणी, दुसऱ्या हाताला खोल दरी. मग जिन्यात शिरताच उजेड जातो. दिसत काही नाही, पण पाण्याचा आवाज दगडातून येऊ लागतो आणि दर पायरीला वाढतो. खोलीत पाऊल टाकल्यावर समोर पांढरा पडदा कोसळत असतो. माथ्यावर असताना जे पाणी पायाखाली होते, ते आता डोक्यावरून येते. खोली प्रशस्त नाही आणि ती तशी असण्यातच शहाणपण आहे. दहा-वीस माणसे मावतील एवढ्या जागेत पाणी जितके जवळ वाटते तितके मोठ्या दालनात वाटले नसते. आधी उजेड, मग अंधार, आधी आवाज, मग दृश्य, हा क्रम आपोआप जमून आलेला नाही. आजचे उद्यान-रचनाकार पाळण्याच्या गाडीला आधी बोगद्यातून नेतात, ते याच हिशेबाने.

महालात फारसी शिलालेख आहे. त्याचा आशय असा की या वास्तूकडे एक नजर टाकली तर मित्रांचे डोळे आनंदाने उजळतील आणि शत्रूंचे डोळे अंधारतील. राजप्रशस्तीच्या लेखांत अतिशयोक्ती असतेच. तरीही इथे स्तुती भिंतीच्या मजबुतीची किंवा साठलेल्या पाण्याची नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर होणाऱ्या परिणामाची आहे. वास्तूचे खरे काम काय, ते बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरा इब्राहिम १५८० मध्ये लहानपणीच गादीवर आला आणि १६२७ पर्यंत राज्य करत राहिला. सुरुवातीच्या वर्षांत चाँदबीबीने त्याच्या वतीने कारभार पाहिला. संगीताचा त्याला विलक्षण नाद होता. दखनी भाषेतला ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह त्याच्याच नावावर आहे. १५९९ मध्ये त्याने विजापूरजवळ नौरसपूर नावाची नवी नगरी वसवायला घेतली आणि १६२४ मध्ये निजामशाहीचा कर्ता सरदार मलिक अंबर याच्या फौजेने ती लुटली. पाण्याच्या करमणुकीची हौसही आदिलशाहीत मुरलेली होती. विजापूरच्या पूर्वेला कुमटगी येथे तळ्याकाठी आणि तळ्यात बांधलेले विलासमहाल आजही पाहायला मिळतात. तिथे छतातून पाण्याचे फवारे पडण्याची सोय होती आणि भिंतींवर खेळांची, कुस्तीची, परदेशी पाहुण्यांची चित्रे होती. नळदुर्गचा महाल याच घराण्यातला, फक्त कुमटगीला पाणी नळांनी आणावे लागले आणि नळदुर्गला अख्खी नदीच कामाला लावता आली.

योगायोग असा की १६१३ मध्येच युरोपात साल्झबुर्गचा धर्मसत्ताधीश मार्कुस झिटिकुस याने हेलब्रुन या विलासमहालाचे काम सुरू केले. तिथल्या बागेत दगडी मेजाभोवती दगडी बैठका आहेत. मेजवानीला बसलेल्या पाहुण्यांच्या बैठकांतून अचानक कारंजी उडत, कोरडी राहत असे ती फक्त यजमानाची बैठक. दोन्ही ठिकाणी पाण्याने पाहुण्याला थक्क करायचे होते. साल्झबुर्गला ते पाहुण्याला भिजवून साधले, नळदुर्गला त्याला कोरडे ठेवून. दुसरी रीत अधिक अवघड आणि, खरे सांगायचे तर, अधिक सभ्य.

हा सगळा थाट सरहद्दीवर होता, हे विसरता येत नाही. नळदुर्गच्या उत्तरेला निजामशाहीचा मुलूख होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले, तेव्हा काही काळ राजधानी होती परंड्याला, म्हणजे आजच्या याच जिल्ह्यात. परंड्याच्या किल्ल्यावर त्या काळी एक प्रचंड तोफ होती. ती महंमद बिन हसन रूमी याने अहमदनगरला १५४९ मध्ये ओतली. मुलुख-ए-मैदान या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. तोफेचे तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती, अशी तिची घडण आहे. १६३२ मध्ये ती परंड्याहून विजापूरला नेली आणि पुढे तिथल्या शेरजा बुरुजावर चढवली. नळदुर्गच्या उपळ्या बुरुजावरच्या तोफांनाही हत्ती आणि मगर अशी नावे आहेत. शत्रूच्या मनात धडकी आणि आपल्या माणसाच्या मनात कौतुक एकाच वस्तूने निर्माण करायचे, ही शिलालेखातली कल्पना तोफेच्या ओतकामातही दिसते.

विजापूर १६८६ मध्ये मोगलांनी जिंकले, पुढे नळदुर्ग हैदराबादच्या निजामाकडे गेला. महालाचा मूळ वापर संपला, पण भिंत टिकली. १८५३ च्या तहाने निजामाने हा जिल्हा इंग्रजांच्या हवाली केला आणि कॅप्टन फिलिप मेडोज टेलर कारभार पाहायला नळदुर्गला आला. १८५७ पर्यंत तो इथे होता. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्याचे नाव झालेले होते आणि रेखाटने करण्याचाही त्याला छंद होता. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात किल्ल्याचे वर्णन आहे. १८६० मध्ये जिल्हा निजामाला परत मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जिल्ह्याचे नावही नळदुर्गच होते, नंतर ते उस्मानाबाद झाले आणि आता धाराशिव आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने सुरुवातीलाच नळदुर्ग आणि बोरीवरचा पूल ताब्यात घेतला.

किल्ला ओस पडत गेला तरी बोरीकाठची करमणूक थांबली नाही. ती सुलतानाच्या पाहुण्यांकडून यात्रेकरूंकडे गेली. नळदुर्गला नदीकाठी मैलारपूरचा खंडोबा आहे. देवाची मूर्ती एकच आणि ती अणदूर व नळदुर्ग या दोन गावांत वाटून राहते. वर्षातले दहा महिने आणि काही दिवस अणदूरला, उरलेले दोनएक महिने नळदुर्गला. देव नळदुर्गला असताना पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा असते. तिथे आमराईत भाविक चुनखडीचे खडे वेचतात. आश्विनात तुळजापूरचे नवरात्र येते. भंडारा, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड, एकेकाळच्या टुरिंग टॉकीज यांच्या जोडीने या यात्रांत पाळणेवाले येतात आणि मोकळ्या मैदानावर दोन-चार दिवसांत उंच सांगाडे उभे राहतात.

जुना पाळणा सुताराच्या हातचा असे. दोन भक्कम लाकडी खांब, मध्ये आडवा आस, त्यावर चार दांड्या आणि दांड्यांच्या टोकांना चार पेट्या. इंजिन नसे. एक-दोन माणसे दांड्यांना लोंबकळत, आपल्या वजनाने चाक फिरवत आणि पोरांनी आरडाओरडा केला की मुद्दाम वेग वाढवत. असे हाताने फिरवायचे उभे पाळणे जगात जुने आहेत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लॉवदिव्ह शहरात ते पाहून लिहून ठेवले, म्हणजे पाणीमहालानंतर जेमतेम सात वर्षांनी. जॉर्ज फेरिसने शिकागोच्या प्रदर्शनात १८९३ मध्ये ८० मीटर उंचीचे लोखंडी चाक उभे केले. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे बसत. यात्रेतला आकाशपाळणा हा त्याचाच धाकटा भाऊ. डिझेल इंजिन आणि जनरेटर आले तसे लोखंडाचे सुटे भाग ट्रकमधून गावोगाव फिरू लागले. मग टोराटोरा, कोलंबस, ब्रेक डान्स, ड्रॅगन अशी भावंडे आली.

यांत ‘मौत का कुआँ’ वेगळा काढावा लागतो. फळ्यांची गोल, जवळजवळ उभी भिंत बांधलेली असते. तळातून मोटारसायकल सुटते आणि वेग वाढला की भिंतीवर चढून आडवी फिरते. चाक भिंतीवर दाबले जाते ते वेगामुळे, आणि घसरत नाही ते घर्षणामुळे. वेग पडला की दोन्ही संपते. प्रेक्षक वरच्या कठड्याला टेकून खाली पाहतात. गाडी कठड्याच्या वीतभर खाली येऊन जाते तेव्हा फळ्यांचा थरकाप पायाला कळतो. धोका हातभर अंतरावर आणि पाहणारा सुरक्षित, ही मांडणी पाणीमहालाचीच आहे. फरक इतका की तिथे जीव धोक्यात घालणारे कोणी नव्हते, इथे स्वार आहे.

या खेळांना रूप देणारा कारागीर म्हणजे पेंटर. पाळण्याच्या पेट्यांवर मोर, पोपट, कमळे, घोड्यांना लगाम आणि आयाळ, कुव्याच्या दर्शनी पत्र्यावर ज्वाळा, जबडा वासलेला सिंह, हवेत उडणारी मोटारसायकल आणि त्या वर्षी गाजलेला नट. आत प्रत्यक्षात जे घडते त्यापेक्षा दहापट मोठे बाहेर रंगवायचे आणि तरी माणूस फसल्यासारखा बाहेर पडू नये, एवढे ते जपावे लागे. यात्रेतल्या फोटो स्टुडिओचे पडदेही याच हाताचे. विमान, चंद्रकोर, ताजमहाल यांच्यापुढे खेड्यातले कुटुंब नवे कपडे घालून उभे राही. हे काम करणाऱ्यांची नावे पत्र्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असत आणि दुसऱ्या वर्षी नवा रंग चढला की झाकली जात. फ्लेक्स छपाई स्वस्त झाल्यावर या कामातले बरेचसे गेले. पेट्या आणि घोडे अजून ब्रशने रंगतात, कारण वळणदार पत्र्यावर फ्लेक्स नीट बसत नाही.

शहरांत मात्र कुंपणाआतली करमणूक उद्याने आली. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका. त्यांच्यामागे अमेरिकेतली परंपरा होती. तिथे चित्रकार आधी अख्खे उद्यान कागदावर उभे करतो. हर्बर्ट रायमनने सप्टेंबर १९५३ मध्ये शनिवार-रविवारी वॉल्ट डिस्नीसोबत बसून डिस्नेलँडचे मोठे रेखाचित्र काढले, ते दाखवून भांडवल उभे करण्यात आले आणि १९५५ मध्ये उद्यान उघडले. धाराशिव जिल्ह्यात असे उद्यान नाही. साधारण २०१४ पासून नळदुर्ग किल्ल्याची देखभाल राज्य शासनाच्या स्मारक संगोपन योजनेतून खासगी संस्थेकडे गेली. किल्ल्यात बागा आणि नौकाविहार आले, तिकीट आले. काहींना हा किल्ल्याच्या गांभीर्याला धक्का वाटला. इब्राहिम आदिलशहाच्या पाणीमहालाकडे पाहता करमणूक या किल्ल्याला परकी होती असे म्हणवत नाही. प्रश्न असलाच तर तो नव्या भरीच्या दर्जाचा आहे.

नर-मादी आज वाहतात की नाही, हे वरच्या अंगाच्या बोरी धरणावर अवलंबून असते. ते भरून सांडवा सुटला की किल्ल्यातल्या धारा सुरू होतात. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत सोलापूर, लातूर आणि हैदराबादकडून येणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरतो. दुष्काळी वर्षी सांडवे कोरडे राहतात, महालाच्या खिडकीतून समोर फक्त दरी दिसते आणि गर्दीची वाट पौषातल्या यात्रेपर्यंत पाहावी लागते.