मोल : वस्तुमानाकडून गणनेकडे

रसायनशास्त्रातील पदार्थमापनाचा इतिहास हा वस्तुमानाकडून गणनेकडे झालेला प्रवास होय. समान तापमान व दाब असता वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे गृहीतक ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये मांडले. ते दीर्घकाळ उपेक्षित राहिले. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत कानिझ्झारो यांनी त्याचा पुरस्कार केला आणि अणुभारांविषयीचा गोंधळ ओसरू लागला. पुढे पेरँ यांनी रेणूंची संख्या प्रयोगांनी निश्चित केली व १९०९ मध्ये त्या स्थिरांकास ॲव्होगाड्रोंचे नाव दिले. १९७१ मध्ये मोल हे मूलभूत एकक ठरले, तरी त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर, म्हणजे वस्तुमानावरच आधारलेली होती. २० मे २०१९ पासून मात्र ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल. उपेक्षित गृहीतकातून उगवलेली संख्या अशा रीतीने स्वतःच मापदंड बनली.