मेथडिस्ट मंडळी : बेळगाव व दक्षिण महाराष्ट्र

मेथडिस्ट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील एक प्रमुख पंथ असून अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये त्याचा उदय झाला. एका ठिकाणी नियमितपणे उपासनेस जमणाऱ्या ख्रिस्ती समूहास मराठीत ‘मंडळी’ ही संज्ञा रूढ आहे. मराठी प्रदेशात मेथडिस्ट मंडळ्या प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि सीमाभागातील बेळगाव या केंद्रांभोवती वाढल्या. त्यांचा इतिहास पाहता असे दिसते, की एखादे कुटुंब मेथडिस्ट व्हावे की अन्य पंथाचे, हे बहुधा मिशनांच्या आपापसांतील क्षेत्रवाटणीवरून ठरले. परंतु पंथाची शिस्त व संघटन यांनी या मंडळ्यांना पुढे स्वतःचे असे वळण लावले.

पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–९१) हा अँग्लिकन धर्मोपदेशक होता. ऑक्सफर्ड येथे तो व त्याचा भाऊ चार्ल्स (१७०७–८८) यांच्याभोवती जमलेले विद्यार्थी प्रार्थना, उपवास, बंदिवानांच्या भेटी इ. गोष्टी ठरावीक पद्धतीने करीत; म्हणून त्यांना उपहासाने ‘मेथडिस्ट’ म्हणजे पद्धतवाले असे नाव पडले. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत वेस्लीला पापक्षमेचा प्रत्यक्ष अनुभव आला, असे त्याने नमूद केले आहे. पुढील वर्षापासून त्याने ब्रिस्टलनजीकच्या कोळसा खाणींतील कामगारांपुढे उघड्या मैदानात उपदेश करण्यास आरंभ केला.

मेथडिस्टांच्या मते ईश्वराची कृपा सर्वांसाठी आहे व ती स्वीकारण्यास प्रत्येक मनुष्य मोकळा आहे. काही मोजक्यांचेच तारण पूर्वनियोजित असते, हा कॅल्व्हिनचा सिद्धांत त्यांना मान्य नाही. तारण श्रद्धेने मिळते. तथापि श्रद्धेची परिणती पवित्र आचरणात झाली पाहिजे, यावर वेस्लीचा भर होता. १७४३ मध्ये त्याने घालून दिलेले सामान्य नियम तीन आहेत : कोणाचे वाईट करू नये, शक्य तितके भले करावे आणि उपासना, प्रार्थना व शास्त्रवाचन ही ईश्वराने नेमलेली साधने पाळावीत. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच संस्कार पंथास मान्य असून बालकांनाही बाप्तिस्मा दिला जातो. प्रभुभोजनात मद्याऐवजी न आंबवलेला द्राक्षरस वापरण्याची प्रथा अमेरिकन परंपरेतून आली.

पंथाच्या संघटनेचे मूळ ‘वर्गसभे’त आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडण्यात आले व प्रत्येकाकडून आठवड्यास एक पेनी गोळा करण्याचे काम एका वर्गनायकाकडे सोपविण्यात आले. घरोघर जाताना वर्गनायकास सभासदांची आजारपणे, भांडणे, व्यसने कळू लागली आणि वर्गणीची ही सोय आत्मिक देखरेखीचे साधन बनली. वर्गनायक हा दीक्षित धर्मोपदेशक नसे. तो सामान्य कारागीर किंवा मजूरही असू शकत असे. तसेच पाळक एका मंडळीत कायम राहत नाही. वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका जाहीर करतो व त्यानुसार पाळकांच्या बदल्या होतात. त्यामुळे मंडळीचे सातत्य पाळकापेक्षा स्थानिक सभासदांवर अधिक अवलंबून असते.

अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे भारतातील कार्य १८५६ मध्ये विल्यम बटलर याच्या आगमनाने उत्तर भारतात सुरू झाले. पश्चिम भारतात ते विल्यम टेलर याच्या प्रचारसभांतून १८७१-७२ मध्ये आले. मुंबईतील पहिली मेथडिस्ट मंडळी मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या यूरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांची होती. मिशनच्या पैशावर न विसंबता मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, हे टेलरचे तत्त्व होते. या मंडळीच्या उभारणीत जॉर्ज बोएन (१८१६–८८) याचा मोठा वाटा होता. १८४८ मध्ये मुंबईत आलेला हा अमेरिकन मिशनरी देशी वस्तीत अत्यंत साधेपणाने राहिला व बाँबे गार्डियन या पत्राचे त्याने दीर्घकाळ संपादन केले. मुंबईतील कुलाबा भागातील मेथडिस्ट चर्चला त्याचे नाव दिलेले आहे. १८९२ मध्ये मुंबईची स्वतंत्र वार्षिक परिषद स्थापन झाली.

दक्षिणेकडील चित्र निराळे होते. बेळगाव येथे लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये जोसेफ टेलर याच्या हस्ते कार्य सुरू केले होते. मराठी गद्याचे एक आद्य शिल्पकार व यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे मूळचे बेळगावचे. त्यांचा बाप्तिस्माही १८५४ मध्ये तेथेच झाला. १९०४ मध्ये सोसायटीने बेळगावचे कार्य मेथडिस्टांच्या स्वाधीन केले आणि सु. ८४ वर्षांच्या जुन्या मंडळीचा पंथ बदलला. या मंडळ्यांत कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांचा वावर राहिला.

याउलट शेजारच्या कोल्हापूर संस्थानात रॉयल गूल्ड वाइल्डर हा मिशनरी १८५२ मध्ये आला व १८७० मध्ये तेथील कार्य अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनमध्ये समाविष्ट झाले. एकमेकांच्या क्षेत्रात शिरावयाचे नाही, या मिशनांच्या सामंजस्यामुळे करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारखी गावे प्रेसबिटेरियनांच्या, तर बेळगावकडील खेडी मेथडिस्टांच्या क्षेत्रात गेली. एकाच भाषेची व एकाच जातीतून आलेली, परस्परांत सोयरीक असलेली कुटुंबे अशा रीतीने दोन पंथांत विभागली गेली. पूर्वनियोजनाविषयीचा तात्त्विक भेद त्यांच्या दृष्टीने गौण होता. जाणवणारा फरक कारभाराचा होता. प्रेसबिटेरियन मंडळीत निवडलेल्या वडिलांची सभा निर्णय घेते, तर मेथडिस्ट मंडळी जिल्हा अधीक्षक व बिशप यांच्या व्यवस्थेशी बांधलेली असते.

खेड्यांतील मंडळ्यांत मिशन शाळेचा शिक्षकच बहुधा उपदेशकाचेही काम करी. दिवसा शाळा व संध्याकाळी प्रार्थना एकाच जागेत भरत. रविवारची उपासना, मुलांची शब्बाथ शाळा, स्त्रियांच्या प्रार्थनासभा व तरुणांचे संघ ही सामूहिक जीवनाची मुख्य अंगे होत. पेटी, तबला व टाळ यांच्या साथीने गाइली जाणारी भजने सर्व मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत समान असून त्यांत ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या रचनांना विशेष मान आहे. विवाहात हळद व मंगळसूत्र यांसारख्या चाली पुष्कळ कुटुंबांनी टिकविल्या. मंगळसूत्रात क्रूस ओवण्याची पद्धतही आढळते.

धर्मांतरितांपैकी पुष्कळजण अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. वेस्लीने सुरू केलेल्या प्रीतिभोजनात सभासद भाकर व पाणी वाटून घेत आणि आपले अनुभव सांगत. जेथे पाण्यावरूनच विटाळ ठरत होता, तेथे एका पंक्तीस बसणे हीच समतेची कसोटी होती. ती सर्वत्र उतरली असे म्हणता येत नाही. सोयरीक जुळविताना पूर्वीची जात पुष्कळदा पाहिली जाई. दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या. गावाने जात विसरली नाही, आणि शासनाने ती मान्य केली नाही, असा हा दुहेरी पेच आहे.

जसवंतराव चितंबर (१८७९–१९४०) हे या चर्चचे पहिले भारतीय बिशप होत. अलाहाबाद येथे जन्मलेले चितंबर मूळच्या महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबातील होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील सहा चर्चसंघटनांचे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट त्यात सामील झाले. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट चर्चने मात्र दीर्घ वाटाघाटींनंतर ऐनवेळी माघार घेतली. ७ जानेवारी १९८१ रोजी ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाले. मिशनांनी आखलेली क्षेत्रसीमा मिशने गेल्यावरही अशा प्रकारे कायम राहिली; परंतु तिच्या दोन्ही बाजूंस भजने व नातीगोती एकच आहेत.