फेअरोंची कीर्ती : त्यांच्या तोंडची आणि शत्रूच्या तोंडची



इजिप्तच्या बलाढ्य राजांविषयी बोलावयाचे तर आरंभ पिरॅमिडांपासून करावा असा प्रघात आहे. मी तो आज मोडणार आहे. खुफूचा पिरॅमिड कितीही थोर असला तरी त्या राजाने आपल्या कारभाराविषयी स्वतः सांगून ठेवलेले फारच थोडे आहे. ज्यांनी सांगून ठेवले, भरपूर सांगून ठेवले आणि प्रसंगी जरा जास्तच सांगून ठेवले, ते राजे त्याच्यानंतर हजार-अकराशे वर्षांनी झाले. ‘फेअरो’ हा शब्द राजाला लावण्याची वहिवाट पडली तीही याच सुमारास. शब्दाचा मूळ अर्थ ‘मोठे घर’. ‘वाड्यावरून हुकूम आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा वाडा म्हणजे धनी हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. तसाच हा प्रकार.

चौदाशे वर्षे कोणालाही वाचता न येणारी इजिप्तची चित्रलिपी शांपोलियों या फ्रेंच पंडिताने १८२२ साली उलगडली आणि हे राजे पुन्हा बोलू लागले. पण ते बोलू लागले ते स्वतःविषयी, स्वतःच्या मंदिरांच्या भिंतींवरून. जो राजा आपला इतिहास आपणच कोरवून घेतो त्याच्यावर विश्वास कितपत ठेवावा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक राजागणिक निराळे येते.

तिसरा थुतमोस घ्या. इ. स. पू. १४५७ च्या सुमारास पॅलेस्टाइनमधील मेगिद्दो येथे त्याच्याविरुद्ध अनेक राजे एकत्र जमले. तिथे जाण्यास तीन वाटा होत्या. दोन सरळ आणि मोकळ्या. तिसरी डोंगरातली, इतकी अरुंद की घोड्यामागे घोडा आणि माणसामागे माणूस असेच जावे लागे. सरदार म्हणाले, या वाटेने नको. राजाने नेमकी तीच धरली. शत्रू मोकळ्या वाटांवर डोळे लावून बसला होता. त्याची फळी मोडली. येथवर ही कथा कोणत्याही विजयी राजाला शोभेलशी आहे. परंतु कर्नाकच्या मंदिरातील त्याचा वृत्तांत पुढे असेही सांगतो की, पळणारे शत्रू नगराच्या तटावरून वर ओढून घेतले जात असताना इजिप्तचे शिपाई त्यांच्या छावणीच्या लुटीत गुंतले, म्हणून नगर त्याच दिवशी हाती आले नाही आणि पुढे सात महिने वेढा घालून बसावे लागले! मग लुटीचा हिशेब : कैदी ३४०, रथ ९२४, घोडे २,०४१. ज्याला निव्वळ बढाई मारावयाची आहे तो आपल्याच सैन्याची हाव भिंतीवर कोरणार नाही, आणि चारशेच्या आतले कैदीही मोजून दाखविणार नाही. या बाबतीत मी थुतमोसवर विश्वास ठेवतो.

पण याच सत्यवादी माणसाने एका राज्यकर्तीचे नाव पुसून काढले. हात्शेपसुत ही त्याची सावत्र आई. थुतमोस लहान असताना ती प्रथम त्याच्या नावाने कारभार पाही. नंतर तिने स्वतःच फेअरोची सर्व बिरुदे धारण केली आणि सुमारे वीस वर्षे राज्य केले. पुंट देशाकडे तिने जहाजे धाडली आणि धूपाची जिवंत झाडे मुळांसकट आणविली. मुळे टोपल्यांत ठेवून झाडे वाहून नेणारे लोक तिच्या दैर-अल्-बहरी येथील मंदिराच्या भिंतीवर आजही दिसतात. कर्नाकमध्ये तिने जो उंच एकाश्म स्तंभ उभारला, त्यावर पुढील पिढ्यांतील लोक हे पाहून काय म्हणतील याची चिंता तिने व्यक्त केली आहे. ही चिंता मला फार बोलकी वाटते.

सावत्र मुलाने सूड घेतला, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. गोष्ट चटकदार आहे, पण कालगणनेत बसत नाही. तिच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षे तिचे नाव जागच्या जागी होते. छिन्नी चालली ती थुतमोसच्या उतारवयात. वीस वर्षे थांबून येणारा राग कसला? आपल्या मुलाच्या वारसाहक्कात पुढे काही अडचण येऊ नये ही काळजी त्यामागे असावी, हे अधिक संभवनीय दिसते. कसेही असो, तिचे पुतळे फोडून जवळच्या खाणीत टाकले गेले, आणि तो स्तंभ झाकण्यासाठी त्याभोवती भिंत उभी राहिली. परिणाम उलटा झाला. विसाव्या शतकात उत्खनन झाले तेव्हा पुतळ्यांचे तुकडे एकाच ठिकाणी सापडल्यामुळे ते पुन्हा जुळविता आले, आणि भिंतीआडचा स्तंभाचा भाग ऊन-वाऱ्यापासून सुरक्षित राहिला.

आता दुसरा रामसेस. याने सदुसष्टाव्या वर्षापर्यंत राज्य केले, इ. स. पू. १२७९ ते १२१३. पूर्वीच्या राजांच्या पुतळ्यांवर आपले नाव घालण्याची त्याला हौस होती, आणि आपले नाव दुसऱ्याने खोडू नये म्हणून तो अक्षरे खोल कोरवून घेई. स्वतः दुसऱ्याचे नाव पुसणाऱ्याला ही सावधगिरी सुचावी हे साहजिकच म्हणावयाचे.

राज्याच्या पाचव्या वर्षी तो सिरियातील कादेश नगरावर चालून गेला. सामना होता हिटाइट लोकांशी. त्यांचे राज्य आजच्या तुर्कस्तानात. वाटेत दोन भटक्या टोळीवाल्यांनी त्याला सांगितले की हिटाइट राजा मुवत्तल्ली भीतीने दूर उत्तरेकडे अलेप्पोपाशी थांबला आहे. रामसेसने ते खरे मानले आणि चार पलटणींपैकी एकच बरोबर घेऊन कादेशजवळ तळ दिला. नंतर शत्रूचे दोन हेर हाती लागले. त्यांना चोप मिळाल्यावर कळले की मुवत्तल्ली सर्व सैन्यानिशी नगराच्या पलीकडेच दडलेला आहे! तोवर हिटाइट रथांनी वाटेवरच्या दुसऱ्या पलटणीची दाणादाण उडविली आणि ते छावणीत घुसले. रामसेसच्या सांगण्याप्रमाणे सर्व जण त्याला सोडून पळाले; मग त्याने आमोन देवाचा धावा केला आणि एकट्याने हजारो शत्रूंना नदीत लोटले. पण गंमत पाहा. त्याच्याच भिंतीवरील चित्रांत समुद्रकाठच्या बाजूने ऐन वेळी येऊन पोहोचलेली ताज्या दमाची एक तुकडीही कोरलेली आहे. कवीने एकट्याचा पराक्रम गायिला. शिल्पकाराने मदतीला आलेली फौज दाखवून दिली.

हा प्रसंग त्याने अबायडॉस, लक्सर, कर्नाक, आपले स्मृतिमंदिर आणि अबू सिंबेल अशा ठिकठिकाणी कोरवून घेतला. कादेश मात्र त्याच्या हाती आले नाही.

शत्रूची बाजू कळण्यास १९०६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तुर्कस्तानात बोगाझकोई येथे हिटाइटांच्या राजधानीचे दप्तर सापडू लागले : मातीच्या भाजलेल्या हजारो विटा. बोगाझकोई हे नाव आपणांपैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले असेल. मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या आपल्या वैदिक देवतांची नावे ज्या मितान्नी तहात आली आहेत, तो तह याच दप्तरातला. त्या विटांत कादेशच्या रणात इजिप्तच्या राजाचा पराभव झाल्याचे आणि हिटाइट फौज दमास्कसच्या मुलखापर्यंत उतरल्याचे लिहिले आहे. म्हणजे दोघेही जिंकले! मला वाटते, रामसेस जिवानिशी सुटला हे खरे, आणि प्रदेश हिटाइटांकडे राहिला हेही खरे.

पुढे सोळा वर्षांनी, इ. स. पू. १२५९ च्या सुमारास, दोन्ही राज्यांत तह झाला. पूर्वेकडे असुरियाचे बळ वाढत होते, तेव्हा हिटाइटांना दक्षिणेची सरहद्द शांत हवी होती. कर्नाकची प्रस्तावना म्हणते की हिटाइटांचे वकील शांततेची याचना करीत आले. बोगाझकोईच्या विटेवर दोघे राजे बरोबरीचे भाऊ आहेत. कलमे मात्र जुळतात : एकमेकांवर चाल करू नये, परचक्र आल्यास मदत करावी, आणि पळून आलेली माणसे परत करावी. या शेवटच्या कलमाला जोडून असेही ठरले की परत दिलेल्या माणसाला ठार मारू नये, त्याचे डोळे-कान तोडू नयेत, त्याच्या बायकामुलांना इजा करू नये. कोणत्याही विजयस्तंभापेक्षा हे कलम मला मोठे वाटते.

तहानंतर हिटाइट राजकन्या रामसेसला द्यावयाची ठरली. मुलगी निघण्यास उशीर झाला आणि हुंड्याबद्दल रामसेसने तगादा लावला. त्यावर हिटाइट राणी पुदुहेपा हिने त्याला जे पत्र लिहिले, त्याचा मजकूर बोगाझकोईच्या विटांत आहे. आमचे कोठार जळाले आहे हे तुला ठाऊक आहे, असे सांगून ती विचारते की माझ्या भावाजवळ काहीच नाही काय, म्हणून तो माझ्याकडून श्रीमंत होऊ पाहतो? जगाचा स्वामी म्हणविणाऱ्या फेअरोला व्याह्याघरची ही फटकार! इजिप्तच्या भिंतींवर लग्नाची हकीकत आहे, पण तीत हिटाइटांवर दैवी कोप झाल्यामुळे त्यांनी शरण येऊन मुलगी अर्पण केली असा थाट आहे.

नाईलच्या मुखाजवळ रामसेसने पी-रामसेस ही राजधानी वसविली होती. नदीचा फाटा गाळाने भरला तेव्हा पुढच्या राजांनी तिचे दगड आणि पुतळे उचलून तानिस येथे नेले. खोल कोरलेल्या नावांसकट नेले. त्यामुळे तानिस हीच रामसेसची राजधानी, अशी विद्वानांचीही कित्येक वर्षे समजूत होती. खरी जागा कांतीर गावच्या शेतांखाली निघाली. तेथील उत्खननात रथांचे कारखाने सापडले, आणि त्यांत ढालींचे पत्रे ठोकण्याचे दगडी साचे मिळाले. त्या ढालींचा आकार इजिप्तचा नाही, हिटाइटांचा आहे. कादेशला ज्यांच्याशी लढाई झाली त्यांच्याच पद्धतीच्या ढाली पुढे फेअरोच्या राजधानीत तयार होत होत्या. रामसेसच्या एकाही भिंतीवर याचा उल्लेख नाही.